आप्पांचा गुरुवारचा मेल

नवी पेठेत माझं रबरी शिक्क्यांचं दुकान हाय, आणि वरच्या मजल्यावर साबेराचं. ती नेमकं काय करती हे कळायला मला दोन वर्षं लागली. टॉवेलवाले, डाळिंबवाले परदेशी मेल धाडतात. ते कुलूपबंद जावेत आणि खाली धाडणाऱ्याची खरी सही असावी, हे बघणं तिचं काम. ही सही शाईची न्हाय. प्रत्येकाची एक किल्ली असती, तिचे भाग दोन. एक मालकानं जपायचा, सही त्यानंच उठती. दुसरा सगळ्यांना वाटायचा, त्यानं ती सही तपासायची. आणि एका प्रोग्रामात जुळलेली सही दुसऱ्यात जुळत न्हाय की बोंब ठोकत गिऱ्हाईक वर.

बाई कामाला वाघ, पण एक खोड वाईट. गिऱ्हाइकांना कंटाळा, म्हणून दर दिवाळी पाडव्याला सगळ्यांच्या नव्या किल्ल्या हीच करायची. मालकाचा भागसुद्धा तो न्यायला येईपर्यंत हिच्याच कंप्युटरात. मी लई शिव्या घातल्या त्यावरून. ती हसायची आणि मला चहा पाजायची.

माघात सांगोल्याची ऋतुजा आली. तिचे वडील उदयसिंह आप्पा, साबेराचं जुनं गिऱ्हाईक, श्रावणात घरातनं निघून गेले होते. फोन घरीच, कपडेही घरीच. दिवाळीनंतर दर गुरुवारी चारला त्यांचा मेल यायला लागला. मी बरा हाय, बागेला पाणी द्या, एवढंच. मोबाइलवर सहीला हिरवी खूण, आप्पांच्या ऑफिसच्या कंप्युटरवर लाल. त्या हिरव्या खुणेच्या भरवशावर तिची आई कुंकू लावत होती. हे आप्पाच हायत का, एवढंच पोरीला पाहिजे होतं.

साबेरानं अर्ध्या तासात मेख काढली. आलेल्या प्रत्येक मेलखाली त्यांचंच ऑफिस ‘कागद वाचवा’ अशी ओळ चिकटवायचं. कंप्युटरवरचा प्रोग्राम ती ओळ धरून सही तपासायचा, मोबाइलवरचा ती सोडून. ओळ बंद केली, दोन्हीकडं हिरवं झालं. ऋतुजानं तिथनंच आईला फोन लावला आणि हमसून हमसून रडली.

संध्याकाळी साबेरा खाली आली ती पांढरीफटक. तिनं त्या सहीमागच्या किल्लीची तारीख बघितली होती.

“काका, ही पाडव्याची किल्ली हाय. आप्पा श्रावणात गेले. त्यांनी ती नेलीच न्हाय. ही सही फक्त माझ्या टेबलावरनं उठू शकती.”

मी खेकसलो, कुणीतरी इंटरनेटवरनं चोरली असंल, त्यात काय एवढं. तिला ते पटलं न्हाय, आणि खरं सांगतो, मलाही.

मग बुधवारी तिनं कंप्युटरची इंटरनेटची तार काढली आणि आप्पांच्या नावानं नवीकोरी किल्ली केली. वाटायचा भाग ऋतुजाला बोलावून तिच्या मोबाइलात घातला. मालकाचा भाग कंप्युटरच्या पेटीतनं बाहेर काढलाच न्हाय. मग कंप्युटर बंद करून विजेची वायरही उपटली, दुकानाला कुलूप घातलं आणि चावी माझ्याकडं दिली. ती रातभर माझ्या उशाखाली होती.

गुरुवारी आम्ही तिघं वर बसलो. बाहेर रिक्षांचा कलकलाट, उन्हानं पत्रा तापलेला. चार वाजले आणि ऋतुजाचा मोबाइल वाजला. मी बरा हाय. खाली सही, नव्या किल्लीची. हिरवी खूण.

मी वाकून वायर बघितली, उपटलेलीच होती. साबेरानं पोरीपासून काही लपवलं न्हाय. सही खरी हाय, पण ती ह्या बंद पेटीतल्या किल्लीची हाय, आप्पा कुटं हायत ते मला म्हाईत न्हाय, असं तिनं सरळ सांगितलं. मी म्हणालो, पुसून टाक ती किल्ली, आत्ताच्या आत्ता.

“पुसू नका,” ऋतुजा म्हणाली. “आई आज सकाळी पण कुंकू लावून बसलीया.”

ती उठली. खुर्ची ओढून बंद कंप्युटरसमोर बसली, ओढणीनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, “आप्पा, जेवला का तुमी?”

उत्तर यायच्या आत मी जिना उतरलो.