अर्धं गाऱ्हाणं

माझ्या पोटी दोन मुली आल्या त्या छातीपासून बेंबीपर्यंत एकमेकींना जोडलेल्या. एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली ती वर्षं, आणि आमचं गाव आचऱ्याजवळचं. बातमी फुटली तशी माणसं बघायला लोटली. कुणी नारळ ठेवून पाया पडायचं, कुणी म्हणायचं हिने गरोदरपणी ग्रहण पाहिलं. मी सगळ्यांना दारातूनच पिटाळलं. जत्रा भरवायला मी मुली जन्माला घातल्या नव्हत्या.

दोघी समोरासमोर तोंडं करून झोपत. एक अंगाने भरलेली, तिला आम्ही थोरली म्हणायचो. धाकटी काडीसारखी, पण हसायला आधी तीच शिकली. थोरली रडायची तेव्हा ही टक लावून बघत राहायची. अंग एक असलं तरी जीव दोन होते, हे आईला कुणी शिकवावं लागत नाही.

मालवणच्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं आणि आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. धाकटीचं हृदय जन्मतःच अधू आहे आणि थोरलीचं हृदय दोघींचं ओझं ओढतंय. असंच ठेवलं तर पावसाळा सरायच्या आत दोघी जातील. मुंबईला शस्त्रक्रिया करून वेगळं केलं तर धाकटी तिथेच जाईल, थोरली कदाचित वाचेल. "कदाचित," ते पुन्हा म्हणाले.

माझा नवरा गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. भर वादळात कुणाला न विचारता शीड उतरवणारा माणूस. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "देवाक कौल लावया."

आमच्याकडे कौलाशिवाय मोठं काम होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जेवढं विचारावं तेवढ्याचंच उत्तर मिळतं, म्हणून प्रश्न घरच्या माणसाने नीट सांगायचा असतो. नवऱ्याने तो गुरवाच्या कानाशी लागून सांगितला. गुरव मोठ्याने म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका इलाजाक मुंबैक न्हेवचा आसा. तुझी मर्जी आसात तर उजवो कौल दी." जमलेले लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली. नवऱ्याने डोळे पुसले. मी दोघींना पदराखाली ओढून घेतलं.

पावसाळ्यामुळे बोटी बंद व्हायच्या बेतात होत्या. मिळेल त्या बोटीने मुंबई गाठली. तिथल्या सर्जननीही तेच सांगितलं आणि सही मागितली.

"देवान होकार दिल्यान," नवरा मला म्हणाला.

"कसलो होकार?" मी ओरडलेच. "तुमी देवाक मुंबैक न्हेवचा इचारलास. एकीक मारूचा इचारलास काय?"

तो म्हणाला, "त्या म्होरचा माझ्या तोंडातसून येवकच नाय गो."

मला त्याचा राग आला आणि देवाचाही. मनातलं ओळखतो म्हणतात ना? मग बापाच्या घशात अडकलेलं एवढं वाक्य त्याला ओळखता आलं नाही?

मी सर्जनना विचारलं, "म्हणजे थोरलीसाठी धाकटीला मारायचं?"

"धाकटी कशानेच वाचणार नाही," ते म्हणाले. "पण हो. आमच्या हातून ती आधी जाईल." ते खोटं बोलले नाहीत, हे उपकारच म्हणायचे.

अजूनही परत फिरता आलं असतं. दोघी माझ्या मांडीवर एकमेकींच्या मिठीत गेल्या असत्या आणि कुणी मला बोल लावला नसता. पण थोरली जगायला निघालेली होती. पदर बाजूला झाला की पाय झाडायची. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की बहिणीची सोबत म्हणून तूही मर? आणि धाकटीला तरी काय सांगू? सारा दिवस जीव नुसता फाटत होता. शेवटी मीच हो म्हणाले. मग नवऱ्याने सही केली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून दूध पाजायचं नाही असा हुकूम होता. दोघी भुकेने रडत होत्या. थोरलीची भूक नंतर कधीतरी भागली असती. मी नर्सच्या पाया पडले, म्हटलं, धाकटीला तरी एक घोट पाजू द्या. ती म्हणाली, "एकीच्या पोटात गेलं तरी दोघींना धोका आहे, बाई." धाकटी उपाशीच गेली.

थोरली वाचली. काही दिवसांनी तिला माझ्या पदराखाली दिली. ती पीत होती आणि दुसरीकडचं दूध वाहून माझं लुगडं भिजत होतं. नर्स म्हणाली, "आता त्या बाजूचं पाजा. बाळाच्या अंगी लागेल."

त्या बाजूला मी नेहमी धाकटीला घ्यायचे. मी थोरलीला खाटेवर ठेवलं, मोरीत गेले आणि ते दूध पिळून टाकलं. थोरली मागे रडत होती. तिचं पोट भरलं नव्हतं.