नाव लावणं

आमच्याकडं पोराचं नाव ठेवतात आणि बापाचं नाव लावतात. ठेवायच्या नावावरून घराघरात चार-आठ दिवस वाद चालतो. कुणाला देवाचं हवं असतं, कुणाला नव्या पद्धतीचं. लावायच्या नावाचा मात्र कुणी विचारच करत नाही, ते पोर पोटात असतानाच ठरलेलं असतं. माझ्या मुलाचं सगळं उलटं झालं. त्याचं स्वतःचं नाव मी बाळंत व्हायच्या आधीच मनात धरून ठेवलं होतं, आणि मधलं नाव काही केल्या सापडेना.

त्याचा बाप ढोकीकडचा, पुण्यात कंपनीत कामाला. तिथं त्याचा आधीपासून दुसरा संसार होता, हे मला पहिल्या बाळंतपणाला तेरला माहेरी आल्यावर कळलं. तेर ते ढोकी लांब न्हाय, पण त्यांच्याकडचं कुणी पोराचं तोंड बघायलासुद्धा आलं नाही. काडीमोड झाली तेव्हा चार माणसांत बसून त्यानं एवढंच मागितलं, की पोराला माझं नाव लावू नका. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान हलवली. मी आतल्या खोलीत पोराला पाजत होते. उठावं आणि त्याच्या थोबाडात एक ठेवून द्यावी असं लई वाटलं. पोर छातीला होतं म्हणून राहिलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर पोराला कुणाचं नाव लावायचं, यावर घरात बोलणी सुरू झाली. पहिल्यांदा आबाच म्हणाले, "माझं लावू की. नातू माझा, नाव माझं. कुनाच्या बापाची भीती हाय?"

वहिनी भाकरी थापत होती. खाली मान घालूनच ती म्हणाली, "मामंजी, मग त्यो वन्संचा भाऊ हुईल की."

आई म्हणाली, "आनि मला ह्या वयात बाळंत करता व्हय?" तेव्हा सगळे हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं, म्हणून मीही हसले. पण वहिनी बोलली ते खरंच होतं. आबांचं नाव लावलं की मी माझ्या पोराची बहीण.

"मग माझं लावा," मी म्हटलं. "जन्म मी दिलाय."

माझा मोठा भाऊ माझ्या बाजूनं बोलला. आता सरकारी कागदावर आईचं नाव लागतंय, कुणी अडवत न्हाय, असं त्यानं सांगितलं. आबा म्हणाले, "कागदावर लागंल. पारावरची मानसं काय कागद बघतेत का? कुनाचा रं तू, म्हनून इचारतेत. तवा पोरगं काय सांगंल?"

"आईचं नाव सांगंल."

"हसतील लोकं."

"हसू द्या."

"तुला हसतील त्ये तू सोसशील," आबा म्हणाले. "त्याला हसतील त्ये कोन सोसंल?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही, आणि आबांपेक्षा मला त्याचाच जास्त राग येतो. शिकलेली बाई मी, बी.ए. झालेली, तोंडाची फटकळ म्हणून गावभर नावाजलेली. नेमकं त्या वेळी तोंडाला कुलूप लागलं.

मधल्या काळात सास्तूरकडचं एक स्थळ आलं. बायको वारलेली, दोन लेकरं, चांगलं घर, किराणा दुकान. माणसं सभ्य होती. चहा घेतला, माझी चौकशी केली, आणि निरोप पाठवला की बाई पसंत आहे, पण सोबत पोरगं नको. आमच्या दोन लेकरांचंच करता करता तिची दमछाक हुईल, म्हणाले. माझ्या काळजीनं बोलल्यासारखं. मी न्हाय म्हणून सांगितलं. आबा जेवताना अर्ध्या भाकरीवर उठायला लागले.

मग एक दिवस आई पोराला तेल लावत बसली होती. पाय लांब करून त्यावर पोराला पालथं टाकलेलं. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "तुझ्या भावाचं नाव लावू त्याला."

"नुसतं नाव ना?" मी विचारलं.

आई पोराची पाठ चोळत राहिली. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं सगळं. नुसतं नाव असं काही नसतंच आमच्यात. ज्याचं नाव लागतं, त्याचं पोर. भावाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले, देव झाले, पदरात काही पडलं नव्हतं. आणि सास्तूरचं स्थळ अजून थांबलेलं होतं, तिथं मला मोकळ्या हातानं धाडता येणार होतं. एका नावात सगळ्यांचं भागत होतं, माझं सोडून.

मला कुणावर तरी आग पाखडायची होती. वहिनीवरच पाखडणार होते. पण ती आपणहून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "वन्सं, तुमी न्हाय म्हना. मी परत ह्या गोष्टीचं नाव काढनार न्हाय." तिचे डोळे सुजलेले होते. असल्या माणसाशी भांडायचं कसं? ती दुष्ट असती तर मी पोर छातीशी धरून बसले असते, कुणाच्या बापाला दिलं नसतं. पण पोर रडायला लागलं की माझ्या आधी ती धावायची, आणि तिच्या खांद्यावर ते शांत व्हायचं. हे मी रोज बघत होते. शेवटी आबांनी विचारलं, तुझं काय मत? सगळं ठरल्यावर विचारतात, तसं. मी म्हटलं, लावा.

भावानं दत्तकाचं रीतसर करून घेतलं. मग राहिलेलं बारसं काढलं. बायका जमल्या, पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. नाव ठेवायची वेळ आली तशी एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "आत्याला बोलवा. नाव आत्यानं ठिवायचं असतंय."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. भावाला मी एकटीच बहीण. भावाच्या लेकाची आत्या म्हणजे मी. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, ना आबांच्या, ना आईच्या. नाव कुणाचं लावायचं याचा एवढा काथ्याकूट केला, आणि त्या नावानं मी त्याची कोण होते, ते त्या म्हातारीनं पाळण्यापाशी सांगितलं.

आई म्हणाली, "दुसरी कुनीतरी बसा गं." पण मीच पुढं झाले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याच्या कानात नाव जावं, हे मला सहन झालं नसतं. वाकून त्याच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि मी ठेवलेलं नाव सांगितलं. आत्या नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत गमतीनं बुक्क्या मारतात. त्या दिवशी कुणाचा हात उठेना. म्हातारीनं रीत म्हणून एक हळूच मारली, आणि मी पाळण्याची दोरी धरून हंबरडा फोडला. दूध आलं होतं, पोलकं भिजलं होतं. वहिनीनं मला उठवून आत नेलं.

आता मी सास्तूरकडं असते. दोन्ही लेकरं मला आई म्हणतात, मायेनं म्हणतात. नवराही खोटा माणूस नाही. माझं चांगलं झालं असं सगळे सांगतात. त्यांना कशाला दुखवायचं म्हणून मी व्हय म्हणते. खरं विचाराल तर माझ्या आत राख झालीय. सकाळी उठायचं, डबे करायचे, दुकानात बसायचं, झोपायचं. पुढं काही होईल असं आता वाटतच नाही.

यंदा पंचमीला माहेरी गेले होते. पोरगं बालवाडीत जातंय. माझ्या मांडीवर येऊन बसलं, हातातल्या बांगड्या वरखाली करत राहिलं. मग म्हणालं, "आत्या, तुझ्या घरचे ताई-दादा तुझ्या पोटचे न्हायत ना? आजी म्हनत हुती."

"न्हायत," मी म्हटलं.

"मग तुला पोटचं लेकरूच न्हाय का?"

वहिनी दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. माझ्या एका शब्दावर तिचं सगळं घर उभं होतं.

"न्हाय रं," मी म्हटलं. "मला न्हाय."