एकाच गाण्याच्या इतक्या प्रती

हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, ऑफिसच्या कॅबमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून जीभ रेटतेय — का तेवढीच हिंमत आहे माझ्यात? असो.

माझा नवरा मिलिंद चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. कॉलेजपासून त्याला एका जुन्या अमेरिकन रॉक बँडचं वेड. अल्बमचं नाही हं — त्यांच्या कार्यक्रमांचं. ही माणसं स्टेजवर ठरवून फारसं काही वाजवायचीच नाहीत. गाणं सुरू व्हायचं, गिटारवाला कुठेतरी भरकटायचा, बाकीचे त्याच्या मागे, आणि बऱ्याच वेळाने सगळे मिळून परत यायचे. श्रोते ते रेकॉर्ड करून एकमेकांना द्यायचे. मिलिंदने कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांकडून मागून मागून हे सगळं एका हार्डडिस्कवर जमवलं होतं. गाणं एकच, रात्री वेगवेगळ्या.

दर रविवारी सकाळी पिंपळे सौदागरच्या आमच्या हॉलमध्ये हेच. "ऐक, ऐक, इथे ड्रमवाला कसा थांबलाय बघ!" मी म्हणायचे, "किती दळण दळणार आहेस राव?" तो हसायचा. चिडायचा नाही — तेच मला जास्त लागायचं.

लेकीच्या बारशाचे व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. हिंजवडीत माझं कामच मुळी डेटातल्या डुप्लिकेट नोंदी काढायचं. डिस्क उघडली तर एकाच नावाच्या फायलींची ही रांग! प्रत्येक गाण्याची एक प्रत ठेवली, बाकी उडवल्या. मग घाबरले. उरलेलं बघून याला कळणारच की! म्हणून उरलेलंही पुसलं आणि डिस्क सोसायटीच्या ई-कचऱ्यात टाकून दिली. आणि संध्याकाळी तोंड वर करून म्हणाले — "डिस्क गेली बघ, उघडेचना. टाकून दिली. परवा तुझ्या हातून पडली होती ना?"

पडली होती. सोफ्यावर. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

पण एवढंच असतं तर मी इतके आढेवेढे घेतले असते का? खरं सांगू — त्या डुप्लिकेट नाहीत, हे मला माहीत होतं. लग्नाआधी मी कितीतरी वर्षं गाणं शिकले. कालचा यमन आणि आजचा यमन एकच, असं म्हटलं असतं तर बाईंनी मला क्लासमधून उठवून घरी पाठवलं असतं. तो काय ऐकतो हे या घरात फक्त मलाच कळत होतं! माझा तानपुरा माळ्यावर होता. तो कुणी ठेवायला सांगितला नव्हता, मीच ठेवला. आणि याचे रविवार मात्र चालूच. पोटात दुखलं हो माझ्या. बाकी काही नाही.

पुढचे काही रविवार मिलिंदने काही लावलंच नाही. मग म्हणाला, "चला, आता सगळं पुन्हा पहिल्यांदा ऐकायला मिळेल." आणि लागला परत जमवायला. लाज वाटून मी शेजारी बसायला लागले — पुढे लाज राहिली बाजूला, आवडायलाच लागलं. आता गिटार कुठे वळणार ते मला आधी कळतं. मागच्या महिन्यात त्या गिटारीबरोबर माझ्याही नकळत मी आलाप घेतला. मिलिंदने हळूच आवाज कमी केला — बँडचा. तानपुरा खाली आलाय. सकाळी रियाजाला बसते मी आता.

परवा लेक नवी डिस्क उचलायला गेली, तर तो तिला म्हणाला, "दोन्ही हातांनी धर गं बाळा. बाबाने एकदा पाडून सगळं घालवलंय." इतकी वर्षं हा माणूस स्वतःलाच दोष देतोय. आणि मी तिथेच भाजी निवडत बसले होते.

या रविवारी, पहिलं गाणं लागायच्या आधी, मी लेकीसमोरच सांगणार आहे — बाबाच्या हातून काही गेलं नव्हतं. आईने पुसलं. मुद्दाम.