मूठभर अक्षता आणि बिरादार सरांचा इतिहास

देव्हाऱ्यातल्या समईखाली तेल साचतं ना, तसे किस्से साचतात. रोज पुसावं, तरी चौथ्या दिवशी बोटाला लागतंच. आमच्या बसवकल्याणच्या रविवारच्या मंडळाचे किस्से माझ्याजवळ असेच साचलेत. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला एखादा सांगितला की त्याच्यामागून दुसरा निघतो, आणि बाई घरी कुकर लावून आलीय हे विसरते.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. महादेवाच्या देवळाचा सभामंडप, एक माइक, एक फळा आणि आमचे बिरादार सर. शाळेतून रिटायर झाल्यापासून सर दर रविवारी सकाळी दहा वाजता तिथं गावाचा आणि मुलखाचा इतिहास सांगतात. मी गेले ती इतिहासाच्या आवडीनं नाही. मी सोळा रविवार श्रवणाचा नेम धरला होता, आणि आमचे पुराण सांगणारे बुवा नेमके लेकाकडे हैदराबादला राहायला गेले. देवळातल्या स्वामींना विचारलं, "आता ऐकू कुणाचं?"

स्वामी म्हणाले, "बिरादार सरांचं ऐका. श्रवण ते श्रवण!"

नेम कशासाठी, तेही सांगून टाकते. आमचे हे आणि बिरादार सर एकाच शाळेत मास्तर, वीस वर्षं एका बाकावर डबा खाल्लेले. आता नऊ वर्षं झाली, एकमेकांशी शब्द नाही. त्यांनी पुन्हा बोलावं, एवढंच माझं मागणं.

*

भांडणही इतिहासावरूनच!

ह्यांचा निरोपसमारंभ होता. भाषणाला बिरादार सर उभे राहिले. मित्राचं कौतुक करता करता गाडी राजेश्वर गावाजवळच्या आमच्या शेतातल्या बारवेवर गेली. ती पायऱ्यांची जुनी विहीर ह्यांच्या पणजोबांनी बांधली, असं आमच्या मान्यांच्या घरात लेकरालाही ठाऊक. सर भरल्या सभेत म्हणाले, "मान्यांची बारव म्हणतात, पण ती मान्यांनी बांधलेली न्हाई. मेंढ्या राखणाऱ्या एका बाईनं बांधली. मान्यांची जमीन तिथं लई मागून आली."

ह्यांनी मिळालेली शाल आणि नारळ टेबलावर परत ठेवले. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्या निरोपाच्या दिवशी माझी विहीर मेंढ्यांना दिलीस व्हय रे?"

आणि घरी आले. तेव्हापासून बंद.

*

पहिल्या रविवारी मी रीतीप्रमाणे मुठीत अक्षता घेऊन पुढच्या रांगेत बसले. कहाणी ऐकताना आम्ही तसंच बसतो. मूठ बंद आहे तोवर उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. सांगणाऱ्यानं "संपलं" म्हटलं की अक्षता देवापुढं वाहायच्या.

सरांना हे कुठून ठाऊक? माझ्या बोटांतून पिवळे तांदूळ दिसले तसे ते राजाला घोड्यावर अर्धवट चढवून थांबले. "वहिनी, आज कुणाचं लगीन हाय का हितं?"

मला बोलता येईना, मूठ बंद! शेजारच्या चन्नम्मा अक्कांनी सांगितलं, "लगीन न्हाई सर. तुम्ही आता पुराण झालात."

तिसऱ्या रविवारपर्यंत सगळ्या बायकांच्या मुठी बंद. माइक सांभाळणारे रशीदचाचाही हात पुढं करून म्हणाले, "मेरेकू भी चार दाने देव अम्मा. मुठ्ठी बंद रखे तो नींद नई आती."

*

आमच्या सभेत मराठी, कन्नड आणि दखनी, तिन्ही बोलणारे येतात. कुणाला राग येऊ नये म्हणून सर प्रत्येक लढाई तिन्ही भाषांत लढतात.

एकदा एक राजा रणात पडला. मराठीत पडायला त्याला अर्धा तास लागला. बाण लागला, घोडा कोसळला, राणीला निरोप गेला. तोवर साडेअकरा झाले. कन्नडमध्ये तोच राजा पाच मिनिटांत संपला, आणि दखनीत तर "वो भी गया" एवढ्यावर आटपलं.

"संपलं" म्हटल्याबरोबर चन्नम्मा अक्का उठल्या. "सर, मराठीत त्याची एवढी सेवा केली, आमच्या कन्नडमधी कामून असं झटकन मारलात?"

पुढच्या रविवारी सरांनी कन्नडपासून सुरुवात केली.

*

बोलणं झालं की शंका विचारायच्या. बाहेरून आलेले एक पाहुणे एकदा म्हणाले, तुमच्या बायका शंका विचारत नाहीत. चन्नम्मा अक्कांना ते लागलं. जुन्या राजघराण्यांवर दीड तास ऐकून झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"सर, त्या राण्यांना उपास असायचे का?"

"असणारच की."

"मग साबुदाणा हुता का तवा?"

सरांनी फळ्याकडं बघितलं, वर बघितलं. "पुढच्या रविवारी सांगतो."

आठ दिवस त्यांनी काय काय चाळलं, देव जाणे. पुढच्या रविवारी आले ते माइकवर पहिलं वाक्य हेच, "साबुदाणा न्हवता! तो लई अलीकडचा. त्या बाया भगर खात असतील, कंद खात असतील."

सोमवारी आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी साबुदाणा सोडून भगर शिजवली. सरांच्या इतिहासानं गावात झालेला एवढाच बदल मला ठाऊक आहे.

*

ह्यांना माझं जाणं आवडत होतं असं नाही. दर रविवारी चप्पल घालताना ऐकू यायचं, "मेलेल्या राजांचं ऐकून कुणाचं भलं झालंय?" आणि परत आले की पेपरमधून डोकं न काढता, "किती माणसं हुती?"

मी पोळ्या लाटता लाटता काय ऐकलं ते भिंतीला सांगावं तसं सांगायची. एकदा पेपर खाली झाला. "कोण म्हणालं असं? त्या वेशीचं तोंड पश्चिमेला न्हाई, दक्षिणेला हाय. पोरांना घेऊन मी चार वेळा गेलोय तिथं."

पुढच्या रविवारी शंकांच्या वेळी मी भोळेपणानं विचारलं, "सर, वेशीचं तोंड दक्षिणेला असेल का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिनी, ही चूक कळायची अक्कल ह्या गावात एकाच माणसाला हाय. त्याला सांगा, वेस दोनदा पडली. पश्चिमेचं तोंड पहिल्या वेशीचं."

मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "त्याला सांग, पहिल्या वेशीचा पुरावा दाखव म्हणावं."

असे चार रविवार गेले. एका वेशीपायी मी देऊळ आणि स्वयंपाकघर यांच्यात निरोप वाहत होते. मला वाटलं, जमायला लागलं. पण पाचव्या रविवारी सर म्हणाले, "त्याला सांगा, वेशीचं मान्य हाय. पण विहिरीचं मी सोडणार न्हाई."

मी हा निरोप घरी दिलाच नाही. हे दोन दिवस वाट बघून म्हणाले, "ह्या खेपेला काही म्हणाला न्हाई का तो?"

"न्हाई," मी म्हटलं. नेमात खोटं बोलले, म्हणून त्या सोमवारी मिठाशिवाय जेवले.

*

आमच्या भागात श्रावणातही लग्नं लागतात. चौदाव्या रविवारी गावात एकाच मुहूर्तावर पाच लग्नं होती. सभामंडपात मी एकटी! रशीदचाचाही माइक जोडून बिर्याणीला गेलेले.

सर म्हणाले, "वहिनी, जावा घरी. एका माणसाला काय सांगायचं?"

मी मूठ दाखवली. नेम मोडला तर पहिल्यापासून सोळा!

सरांनी उसासा टाकला, माइक फू फू करून बघितला आणि म्हणाले, "बंधू आणि..." इकडंतिकडं बघितलं. "भगिनी." मग पूर्ण दीड तास बोलले. तिन्ही भाषांत!

शेवटी रीतीप्रमाणे विचारलं, "काही शंका?"

मी अक्षता वाहिल्या आणि विचारलं, "सर, आमच्या ह्यांची आठवण येते का?"

सर माइकची वायर गुंडाळायला लागले. दोनदा चुकीची गुंडाळून परत सोडली. मग म्हणाले, "शंका विषयाला धरून विचाराव्यात."

*

पंधराव्या रविवारी सर आम्हाला किल्ल्यावर घेऊन गेले. तोफ दाखवायला. तिचं वजन किती, गोळा कुठपर्यंत जायचा, हे सरांचं कन्नडमध्ये सांगून होईपर्यंत बायकांनी तोफेला हळदकुंकू लावून, फुलं वाहून नारळही फोडला होता.

"अहो, ही माणसं मारायची वस्तू हाय!" सर ओरडले.

चन्नम्मा अक्का म्हणाल्या, "म्हणूनच सर. शांत ऱ्हावी."

मी प्रदक्षिणा घालायला गेले. नारळाच्या पाण्यावर पाय घसरला, घोटा मुरगळला आणि खालीच बसले. सगळ्या धावल्या. अक्कांनी मला उठवलं, मग तोफेकडं बघून हात जोडले.

"आई गं, एवढ्या वर्षांनी पयला माणूस पाडलीस!"

*

पाय एवढा सुजला की सोळावा रविवार गेल्यातच जमा. त्यात शनिवारी अक्का देवळाच्या फळ्यावरचा विषय सांगत आल्या. "राजेश्वरजवळची बारव."

स्वामींना निरोप पाठवून विचारलं, आता नेमाचं काय. उत्तर आलं, "नवऱ्याला अर्धांग म्हणायचं की नुसतं जेवायला वाढायचं? त्यांनी ऐकलं की तुम्ही ऐकलं."

ह्यांना सांगितलं. हे ताडकन उठले. "मी? त्याचं? आणि विहिरीचं? मेलो तरी जाणार न्हाई!"

"मरू नका," मी म्हटलं. "नुसते बसून या."

रविवारी सकाळी हे आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हात पुढं केला. मी अक्षता दिल्या.

"मधे बोलायचं न्हाई."

"ठाऊक हाय."

"उठायचंही न्हाई."

"ठाऊक हाय म्हणलं न्हवं!"

साडेदहाला चन्नम्मा अक्कांचा फोन. हळू आवाजात, "बसलेत. मूठ अशी आवळलीय, अक्षतांचं पीठ व्हईल."

अकराला, "सर मेंढ्यांवर आले."

"आणि हे?"

"लाल झालेत. पण गप हायेत."

नंतर फोन आला नाही. साडेबारा झाले. फाटक वाजलं आणि बिरादार सरांचा आवाज आला. नऊ वर्षांनी तो आवाज आमच्या अंगणात.

"...आणि कोनाड्याच्या वर जो दगड हाय, त्याच्यावर बाई हाय, मेंढी हाय, काठी हाय..." सर बोलत बोलतच घरात आले. मागून हे. ओठ बंद, मूठ बंद.

"सर, अजून संपलं न्हाई?"

"कसं संपवू वहिनी? नऊ वर्षांनी हा माणूस गप बसून माझं ऐकायलाय. मी संपलं म्हणलं की ह्याचं तोंड उघडतंय! तिथली माणसं जेवायला गेली, म्हणून हितं घेऊन आलो."

मी लंगडत चहा टाकला. ह्यांनी डाव्या हातानं बशी धरली. सर सांगत राहिले. मेंढ्या पाणी प्यायच्या ती दगडी कुंडी, ती बाई, तिनं बांधून घेतलेल्या बावीस पायऱ्या. सांगता सांगता सगळं सांगून झालं. चहाही झाला. सर कपाच्या तळाकडं बघत बसले.

मी म्हटलं, "सर, आता संपवा."

"संपलं," सर म्हणाले. एवढ्या हळू, की माइक असता तरी ऐकू आलं नसतं.

ह्यांनी मूठ उघडली. तांदूळ घामानं तळहाताला चिकटले होते. हे देव्हाऱ्यापाशी गेले, एकेक दाणा सोडवून वाहिला, नमस्कार केला आणि येऊन सरांसमोर उभे राहिले. सरांनी मान खाली घातली.

"बावीस न्हाईत," हे म्हणाले.

"काय?"

"पायऱ्या. तेवीस हायेत. खालची एक कायम पाण्यात असते. लहानपणी बुडी मारली की पायाला लागायची."

सरांनी कप खाली ठेवला आणि उठले. "दाखव."

ह्यांनी खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली. दोघं गेले.

श्रावण सरत आला होता. त्या दिवसांत आमची बारव काठोकाठ असते, तेवीस काय, दोन पायऱ्याही दिसत नाहीत. दोघांनाही ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मी परात ओढली आणि बसल्या जागी चार भाकरींचं पीठ जास्त घेतलं.