लाइनीत बोलू नये

चूक माझी होती आणि तिची माफी ऑपरेटरकाकांनी मागितली. हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात लिहून खोडत होतो. आज तेच आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं त्यांच्याविषयी मोकळेपणाने लिहिता येईल.

चौलला त्यांच्या वाडीत कुणीही गेलं, की गप्पा ऐन रंगात आल्या असताना काका हात वर करून विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" नवखा माणूस चपापून चपला शोधायला लागे. मग काका खो खो हसत आणि आत ओरडत, "चहा टाक गं, कॉल वाढवलाय!" त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडून देण्यात आणि दर तीन मिनिटांनी हेच विचारण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही गळ्यात हेडफोन असेच. फक्त आता त्याची वायर गेली होती. त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाला आठवत नसे.

नव्या यंत्राचं त्यांना लहान मुलासारखं वेड. सुपारी काढायला पोफळीवर चढलेल्या गड्याच्या खिशात ते स्वतःचा फोन घालत आणि खालून विचारत, "वर रेंजच्या किती दांड्या दिसतात रे?" गडी वैतागून म्हणे, "सुपारी काढू का दांड्या मोजू?" पण यंत्र हे माणसाला माणूस जोडण्यासाठी असतं, बाकी सगळी नक्षी, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्याच हौसेतून त्यांनी किनाऱ्यावरच्या माणसांसाठी एक संकेतस्थळ उभं केलं. नाव ठेवलं 'धक्का'. आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या बोटीची वाट बघत माणसं जशी बोलतात, तशी इथे बोलावीत, एवढीच कल्पना. मुरुडचा दुकानदार, म्हसळ्याची नर्स, नोकरीसाठी आखातात गेलेली आमची पोरं, सगळी तिथे लिहू लागली. फोनवरच्या ग्रुपांवर काकांचा राग नव्हता, पण ते म्हणत, "ग्रुपातलं बोलणं ओहोटीबरोबर जातं. सकाळी फुलं, दुपारी भांडण, संध्याकाळी वाळू. इथलं बोलणं कालवासारखं खडकाला धरून राहायला हवं. दहा वर्षांनी आलेल्यालाही फोडून खाता आलं पाहिजे."

चार दिवस कुणी काही लिहिलं नाही, की मी घाबरत असे. "काका, बंद पडलं वाटतं."

"बंद नाही रे, भांग आहे. अष्टमीला पाणी कमीच चढतं. कोळ्याचा पोर ना तू? उधाणाची वाट बघ."

मी कोळ्याचा पोर, हे खरं. पण हायस्कुलात मराठी शिकवणारा मास्तर, ही माझी ओळख मला जास्त आवडायची. 'धक्क्या'ची दुसरी किल्ली, म्हणजे पासवर्ड, काकांनी माझ्याकडे दिली होती. कुणाचंही लिहिलेलं मला बदलता येत होतं. किल्ली देताना ते म्हणाले, "शिवी आली तर काढ. बाकी हात लावू नकोस. आपण ऑपरेटर. जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा. लाइनीत बोलू नये." मग त्यांनी स्वतःचाच किस्सा सांगितला. एक गृहस्थ बायकोला सांगत होते, की मी ठणठणीत आहे. काकांना राहवलं नाही. "मी मध्येच म्हटलं, ताई, खोटं सांगतायत, मघापासून खोकतायत. संपलं! त्या माणसाने पुन्हा माझ्याकडे कॉल लावला नाही. खरं बोललो होतो मी, तरी."

आमच्या कोळीवाड्यात ते आले, की बायका फोन पुढे करत. आमच्या बोलीतला शब्द लिहिला, की फोन त्याखाली लाल रेघ मारी. काका ओट्यावर बसून एकेका फोनला 'हाय', 'न्हाय', 'व्हय' शिकवत. "नव्या जावयासारखं असतं, चार वेळा सांगावं लागतं," म्हणत. आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत, "ही लाल रेघ म्हणजे मास्तर. रागावू नकोस हां."

सगळ्यांत रमली माझी चांगुणाआत्या. जन्मभर मुरुडच्या बाजारात मासळी विकलेली. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आज्याने, समुद्रातल्या एकेका खडकाचं नाव तिला सांगून ठेवलं होतं. ती ती नावं लिहू लागली. "बंदराच्या भायेर निंगालं का डावे आंगाला मोरका दगूड हाय. त्याचे जवल जावाचा न्हाय, जाली फाटतान." आखातातून कुणी उत्तर दिलं, "आत्ये, आज्याचा आवाज आयकला." काकांनी ते मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

आणि एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत आमच्या एका सहकाऱ्याने आत्याचं लिखाण हेल काढून वाचलं. सगळे हसले. मीही हसलो. ज्या 'हाय-न्हाय'ला घासून पुसून काढण्यात माझी उमर गेली, ते असं चारचौघांत माझ्या आत्याच्या नावासकट बसलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते सगळं शुद्ध केलं. 'हाय'चं 'आहे' केलं, 'पानी'चं 'पाणी'. आमच्या बोलीत काही शब्दांत 'ड'चा 'र' होतो. मोरका म्हणजे मोडका. हे शब्द ऐकतच मी वाढलो. पण सुधारण्याच्या झपाट्यात मी लिहिलं, 'मोराचा दगड'.

बाजारात आत्याने गाठलं. "काय रं मास्तर, आपले दर्यान मोर कवाशी नाचाला लागलं?"

"मोबाइलने केलं असेल, आत्ये."

"तो पन शाला शिकला वाटतं," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतर तिने एक अक्षर लिहिलं नाही. तिचं बघून बाकीच्या बायकाही थांबल्या. आमचं चुकतं, म्हणाल्या.

काकांनी मला बोलावून विचारलं, "मास्तर, लाइनीत कुणी बोललं का?"

"नाही काका. नवं व्हर्जन आलंय, त्याने शब्द बदलले असतील."

"असेल. यंत्रच आहे," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी एसटीने कोळीवाड्यात आले आणि आत्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, माझ्या यंत्राने तुमचं बोलणं बिघडवलं. माफ करा." मी त्यांची पिशवी धरून शेजारी उभा होतो.

आत्या म्हणाली, "यंत्राला काय कलतं, ऑपरेटरबाबा? पन आता मना लिवाला नको सांगू."

पुढे काका आजारी पडले. अलिबागच्या दवाखान्यात मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. शाळेचं बोललो, पावसाचं बोललो, वाडीतल्या सुपारीचं बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते. मग हात थोडासा उचलून म्हणाले, "तीन मिनिटं झाली, मास्तर. वाढवू का?"

मी म्हणालो, "नको काका, आराम करा."

त्या आठवड्यात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीने एक पाकीट दिलं. आत 'धक्क्या'ची मुख्य किल्ली होती. ती लावल्यावर एक पान उघडलं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी, केव्हा, कुणाचा कोणता शब्द बदलला, त्याची ती नोंद होती. ओळीने माझंच नाव. पानावरच्या तारखांवरून कळलं, की काकांनी ती नोंद मला विचारण्याच्या आदल्या दिवशीच पाहिली होती, आणि मग सगळ्यांपासून लपवून ठेवली होती. पाकिटातल्या चिठ्ठीत त्यांच्या गोल अक्षरात एवढंच होतं: "जुनं बोलणं जागेवर आहे. एक बटण दाबलं की परत येईल. मी दाबलं नाही. कॉल तुझा आहे."

मी तसाच आत्याकडे गेलो. ती अंगणात जवळा वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"मना ठावं व्हतं," ती म्हणाली. "यंत्र लाजत न्हाय. तू लाजलास."

"माफ कर, आत्ये."

"मना नको सांगू. जीथं माजं पुसलंस, तीथं लिव. आनी मास्तरासारका नको लिव."

तिच्याच ओट्यावर, जिथे काका फोनना शिकवत बसायचे, तिथे बसून मी बटण दाबलं. मोर गेला, मोरका दगूड परत आला. त्याच्याखाली मी लिहिलं:

"आत्ये, ऑपरेटरकाका, लाइनीत मीच बोललू. यंत्राची चुकी न्हाय, माजी हाय. मना माफ करा."

माझ्या फोनला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली. मी तसंच पाठवलं.