पाणी आमच्या घरात शिरत नाही

"ही साधी कावीळ नाही," डॉक्टर म्हणाले. "यांची मूत्रपिंडं बंद पडत चालली आहेत. क्रिएटिनीन सहाच्या वर गेलंय. कशामुळे, ते मला अजून नक्की कळत नाही. दाखल करताना विचारलं होतं, परत विचारतो. हे पुराच्या पाण्यात गेले होते का?"

खाटेवर माझे सासरे होते, आप्पा. एका बाजूला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला आप्पांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात. मी भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन उभी.

"नही साहेब," नाना म्हणाले. "पानी त्या खालनी वस्तीमा शिरस. आमना घरमा येत नही."

माझ्या नवऱ्यानेही मान हलवली.

क्रिएटिनीन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंडांनी तो लघवीवाटे बाहेर टाकायचा असतो. धडधाकट माणसात तो एकच्या आसपास असतो. आप्पांचा सहाच्या वर गेला होता, आणि आमच्या घरचे पुरुष पाणी कुठल्या वस्तीत शिरतं याचा खुलासा करत होते. पडलं तरी नाक वर म्हणतात ते हेच.

हे मी नदीकाठच्या लोकांसाठी लिहिते आहे. विशेषतः ज्यांचं घर उंचावर आहे आणि नाक त्याहून उंच, त्यांच्यासाठी.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून फार लांब नाही. मी रनाळ्याची, म्हणजे नदी नसलेल्या गावची. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे की तापीमाय आमच्या पायरीला हात लावून परत जाते. आप्पांच्या वडिलांनी जोतं तेवढं उंच बांधलं होतं. पाव्हण्यांना चहाच्या आधी ही पायरी दाखवली जायची.

त्या पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि नदी फुगली. आप्पा नारळ वाहून आले आणि पुढच्या ओट्यावर पायरीकडे बघत बसले. पाणी गावामागच्या नाल्यातून उलटं वर चढलं आणि मागच्या दाराने घरात आलं. तापीने आमच्या घराची रीत ओळखली असावी. बायकांची ये-जा आमच्याकडे मागच्याच दाराने असते.

धान्याच्या खोलीत गुडघ्याइतकं पाणी झालं. आप्पांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पुढचं दार आतून लावलं. गावाला कळता कामा नये. मजूर बोलवायचे नाहीत, कारण मजूर खालच्या वस्तीतले आणि ते हसतील. म्हणून आप्पा, माझा नवरा आणि मी, तिघांनी दोन दिवस बादल्यांनी पाणी उपसलं. नवरा पंपाच्या मोटारीसाठी मधूनमधून शेतात पळे. आप्पा जागचे हलले नाहीत. धान्याच्या कोठीमागून मेलेले उंदीर तरंगत येत होते. आप्पा अनवाणी. त्यांच्या टाचांना उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगा आहेत. मी नवऱ्याचे फवारणीचे गमबूट घातले होते, त्यावर नवऱ्याने नाक मुरडलं. बाईच्या पायात गमबूट शोभत नाहीत म्हणे.

पाणी उतरलं, भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. आप्पांनी तिच्यावर चुना मारला. आमच्या ओळीतल्या सगळ्याच घरांत त्या आठवड्यात चुन्याचा वास येत होता, आणि प्रत्येक घर शेजाऱ्याला सांगत होतं की सणासाठी रंगवतोय.

मग आरोग्य केंद्राची बाई गोळ्या घेऊन आली. पुराच्या पाण्यात पाय भिजलेल्या प्रत्येकाने घ्यायच्या होत्या. आप्पांनी तिला ओट्यावरूनच वाटेला लावलं. "आमना आठे काय काम? त्या खालेवालासले दे." तिने दिल्या. त्यांनी घेतल्या. खालच्या वस्तीत कोणीही डायलिसिसच्या यंत्राला लागलं नाही.

केळीच्या नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी आले, तेव्हा मात्र आप्पा सांगत होते की पाणी पार बांधापर्यंत आलं होतं. बागेत पाणी शिरलेलं चालतं.

आठवड्याभराने ताप आला. अंग फणफणलं, डोळे लालभडक झाले. पोटऱ्या इतक्या दुखत की चादर लागली तरी आप्पा ओरडत. ही पोटऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा. ताप, लाल डोळे आणि दुखणाऱ्या पोटऱ्या असं एकत्र दिसलं आणि आधी पूर येऊन गेला असेल, तर घरी बसू नका.

आम्ही अर्थातच घरी बसलो. गावातल्या डॉक्टरने सलाईन लावलं. तो सगळ्यालाच सलाईन लावतो. मग डोळ्यांचा लाल रंग जाऊन पिवळा आला आणि नानांचा उजेड पडला.

"कावीळ शे. माळ बांधी देऊत, उतरी जाई."

पलीकडच्या गावात एक माणूस काविळीची माळ बांधतो. मुळीच्या छोट्या काड्या दोऱ्यात गुंफून ती डोक्यावर ठेवायची. ती लांबत जाते आणि खाली उतरते, तसतशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबली. ओल्या काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात, कोणाच्याही डोक्यावर ठेवा. नाना रोज येऊन कौतुकाने माळ बघत. आप्पांची लघवी दिवसभरात चहाच्या कपाएवढी होते आहे, हे कोणी बघत नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, नाना बघताहेत ना.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही. मी इतकी वर्षं आप्पांशी सरळ एक वाक्य बोललेली नाही. घरात एक मांजर आहे. मी मांजराला विचारते, "चहा ठेवू का?" आप्पा मांजराला सांगतात, "साखर कमी टाक." मी आजारी पडले की आप्पा मांजराला म्हणतात, "आज सैपाक नको म्हना." नवऱ्याला हे कधी सुचलं नाही. घरात मला विचारणारं माणूस एकच होतं, आणि तेही मांजराच्या तोंडून. म्हणून त्यांच्या डोक्यावरची ती माळ बघून माझा जीव तुटत होता, आणि संतापही येत होता.

आप्पा बरळायला लागले तेव्हा नंदुरबारला आणलं. दवाखाना खासगी, डॉक्टर तरुण. त्यांनी विचारलं, पुराचं पाणी? हे म्हणाले, नाही. त्यांनी विचारलं, झाडपाल्याचं काही औषध? नाना म्हणाले, नाही. माळ नानांच्या खिशात होती.

आता परत त्या खाटेपाशी येते. डॉक्टर दुसऱ्यांदा विचारत होते आणि दुसऱ्यांदा खोटं ऐकत होते. इथे मी पदर मागे टाकला वगैरे लिहिलं तर छान दिसेल, पण पदर होता तिथेच होता. तोंड तेवढं उघडलं.

"डॉक्टर, पाणी घरात होतं. गुडघ्याइतकं. हे दोन दिवस त्यात अनवाणी उभे होते. उंदीर मेले होते. टाचा बघा त्यांच्या."

डॉक्टरांनी चादर उचलून टाचा बघितल्या.

"सून आते सासरासमोर बोली ऱ्हायनी!" नाना म्हणाले. "कलयुग उनं."

माझा नवरा सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. आप्पांनी डोळे मिटले. ग्लानी होती की लाज, मला आजही माहीत नाही.

"लेप्टोस्पायरोसिस," डॉक्टर म्हणाले. "उंदरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि कातडीच्या भेगांतून अंगात शिरतात. आधी यकृत, मग मूत्रपिंड. रक्त तपासायला पाठवतो, पण रिपोर्टची वाट बघणार नाही. इंजेक्शन आत्ता सुरू करू. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर..." वाक्य अर्धवट सोडून ते सिस्टरला हाक मारायला गेले. सभ्य माणूस. मी त्यांच्या जागी असते तर वाक्य पुरं केलं असतं.

त्याच संध्याकाळी डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे रक्त नळीने बाहेर काढायचं, यंत्रातून धुऊन परत अंगात सोडायचं. मूत्रपिंडं जागी होईपर्यंत त्यांचं काम यंत्र करतं. जागी होतील का, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "बहुतेक वेळा होतात. पण उशीर झालाय. मी शब्द देणार नाही." बाहेरच्या बाकावर मी रात्रंदिवस त्या "बहुतेक"वर बसून होते.

दरम्यान पाव्हणे आले. आमच्याकडे केळीच्या बागा आहेत, नातेवाइकांकडे पण आहेत. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून प्रत्येकजण केळीची फणी किंवा शहाळी घेऊन येई. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "एक केळंसुद्धा नाही. नारळपाणी नाही. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड बंद असताना ते रक्तात साचतं आणि हृदय थांबू शकतं." मी हे दारात प्रत्येकाला सांगायची. प्रत्येकजण मान डोलवायचा आणि आत जाऊन आप्पांना म्हणायचा, "थोडंसं ल्या, ताकद येस." पुरातून वाचलेला माणूस भेटायला येणाऱ्यांच्या हातून मरायचा, अशी परिस्थिती होती.

नाना तर एकदा सोललेलं केळं आप्पांच्या तोंडाशी घेऊन गेले. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून खाल्लं. नानांनी त्या दिवशीपासून येणं बंद केलं. माझ्या हातून रुग्णाची जी काही सेवा झाली, त्यात ही सगळ्यात मोठी.

चौथ्या डायलिसिसनंतर एका सकाळी सिस्टरने मला आत बोलावलं. खाटेला लावलेली लघवीची पिशवी अर्धी भरली होती. मी तिथेच खाली बसले आणि रडले. अर्धी पिशवी लघवीसाठी मी रडेन असं मला रनाळ्यात कोणी सांगितलं असतं, तर मी हे स्थळ नाकारलं असतं.

मग क्रिएटिनीन उतरत गेलं. डोळे पांढरे झाले. आप्पा घरी आले, वाळलेले, काठी धरून.

आभार मानायचे तर त्या तरुण डॉक्टरांचे, सिस्टरांचे, आणि त्या यंत्राचे. यंत्राने कोणाचं घर किती उंचावर आहे हे एकदाही विचारलं नाही. माझ्यात काय बदललं असं लोक विचारतात. पूर्वी मला वाटायचं की मोठी माणसं गप्प असतात तेव्हा त्यांना काहीतरी ठाऊक असतं. आता तसं वाटत नाही.

घरी आल्यावर गरज सरो वैद्य मरो. ओट्यावर रोज बैठक बसायची आणि आप्पा सांगायचे, "पित्त व्हतं. अंगमा भिनी गयं." मी दाराआड ऐकायची. तुमच्याही घरात असा ओटा असेल, म्हणून सांगते. डॉक्टर विचारतील ते सरळ सांगा. घरातल्या पुरुषांनी सांगितलं नाही तर तुम्ही सांगा. बोलल्याने अब्रू गेली तर जाऊ द्या, ती तशीही डायलिसिस करत नाही.

असेच एका दुपारी सगळे बसले होते. आमच्याच ओळीतले गोविंदकाका जीप घेऊन समोर थांबले. मागच्या सीटवर त्यांची बायको आडवी पडली होती. ताप उतरत नाही, डोळे पिवळे झालेत, माळ बांधायला नेतोय म्हणाले. आप्पांना विचारून जावं म्हणून थांबले होते, कारण आप्पा "त्याच्यातूनच उठलेत".

मी दाराआडून बघत होते. आप्पांना सगळं कळलं होतं. तोंड उघडायचं तर चार माणसांसमोर म्हणावं लागणार होतं की माझ्या घरात पाणी शिरलं होतं. जीपमधून काकूंचं कण्हणं ऐकू येत होतं. आप्पांनी मान वळवून दाराकडे बघितलं. मांजराकडे नाही, माझ्याकडे.

"सूनबाई," ते म्हणाले, "तूच सांग यासले."

स्वतःच्या तोंडाने सांगवेना म्हणून माझं तोंड उसनं घेतलं. मला त्यांची कीव आली. मी ओट्यावर गेले.

"काका, माळ ऱ्हाऊ द्या. काकूले आत्तेच नंदुरबार ली जा, आनि डॉक्टरले सांगा, घरमा पानी व्हतं."

"नही ना बेटा, पायरीलेच लागनं व्हतं."

"कमरइतलं व्हतं. मी गच्चीवरतीन देखं. आमना घरमा बी व्हतं."

गोविंदकाकांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा खाली बघत म्हणाले, "खरं शे."

जीप वळली आणि नंदुरबारच्या रस्त्याला लागली. ओट्यावरचे बाकीचे धोतराचा सोगा सावरत उठायला लागले. मी त्यांना बसायला सांगितलं. मग एकेकाचं नाव घेऊन, कोणाच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं आणि कोणाकडे सध्या ताप आहे, ते सांगायला सुरुवात केली.

"बस व्हयनं आते," आप्पा म्हणाले.

मी थांबले नाही.