डॉल्फिनला नमस्कार

सारसोळ्याची ती मासेवाली नेरूळच्या बाजारात बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मासे कापताना ती गिऱ्हाइकाकडे बघत नाही, पण तिचं बोलणं थांबत नाही.

माझी बायको तिची लाडकी. आम्ही अंदमानला निघालो, बोटीतून देवमासे आणि डॉल्फिन बघायला, तेव्हा ती म्हणाली होती, “बाय, डॉल्फिन दिसला की हात जोड. माजा सासरा जोडायचा.”

बोटीत दिवसभर बसलो, पण काहीच दिसलं नाही. बोट परत फिरली, तेव्हा बायकोने रिकाम्या पाण्याकडे बघून हात जोडले. मी हसलो. बाजारात मात्र तिने मासेवालीला सांगितलं, “दिसला हो! केवढी उडी मारली!”

बायको जाऊन वर्ष झालं. मला मासे नीट करता येत नाहीत, तरी रविवारी जातो. मासेवाली तो डॉल्फिन अजून सगळ्यांना सांगते आणि दर वेळी त्याची उडी उंच होते.

परवा एक तरुण बाई म्हणाली, “मावशी, काय पण फेकता! कोणी पाहिलीय ही उडी?”

कोयता थांबला. मासेवालीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ व्हते बोटीत. सांगा भाऊ, बायनं हात जोडलं का नाय?”

“जोडले,” मी म्हणालो. “बराच वेळ.”

“मंग!” ती त्या बाईला म्हणाली. “आता उडी आयक.”

माझी पिशवी भरली होती. तरी मी ऐकायला थांबलो.